वेंगुर्ले: घाटावरच्या बाजारपेठांचे बंदर आणि बारा हजारांची नगरपरिषद

रंकाळाकाठ:

दिवाळीनंतर निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी या वाटेने वेंगुर्ल्याला जाऊन दोन दिवस राहून आलो. कोल्हापूरकर समुद्राला जातो तेव्हा बहुधा मालवण, गणपतीपुळे किंवा थेट गोवा गाठतो, आणि वेंगुर्ले हे वाटेतला फाटा म्हणूनच त्याच्या लक्षात राहते. मीही आजवर तसाच गेलो होतो. या वेळी मात्र आंबोलीच्या वळणावर चहा घेताना मनात आले की, हा रस्ता आपल्याला समुद्रावर नेण्यासाठी केलेला नाही. बंदरात उतरलेले सामान बेळगावच्या लष्करी छावणीपर्यंत चढवता यावे म्हणून इंग्रजांनी तो केला. त्याआधीची बैलगाडीची वाट चंदगडच्या बाजूने रामघाटातून जात असे. ही चढण बैलांना फार जड जाई, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीचा, म्हणजे तेव्हाच्या भाषेत पारपोलीचा घाट बांधला गेला. वेंगुर्ल्याचा इतिहास किनाऱ्यावरून वाचण्यापेक्षा घाटमाथ्यावरून वाचला तर अधिक उलगडतो, असे माझे मत झाले आहे आणि तेवढ्यासाठीच हा धागा काढत आहे.

सुरुवात डचांपासून करतो. सतराव्या शतकात हा प्रदेश विजापूरच्या आदिलशाहीत होता. गोव्याच्या पोर्तुगीजांना कोंडीत पकडायचे तर त्यांच्या जवळच, परंतु त्यांच्या हद्दीबाहेर, गोडे पाणी, तांदूळ आणि सुरक्षित नांगरवाडा मिळेल असे ठिकाण डचांना हवे होते. वेंगुर्ले त्यासाठी नेमके सोयीचे होते. १६३०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी तेथे वखार घातली आणि गोव्याच्या नाकेबंदीसाठी येणारी त्यांची जहाजे येथेच शिधा भरून घेत. ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्या प्रवाशाने या गावाचा उल्लेख ‘मिंग्रेला’ असा केला आहे. पुढे वेंगुर्ले दोनदा जळाले. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वारीत आणि १६७५ मध्ये मोगलांकडून, असे जुने रत्नागिरी गॅझेटियर सांगते. सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांचे येथील बस्तान उठले. वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत, पण छप्पर नाही, आणि झाडांची मुळे दगडांच्या सांध्यांत शिरली आहेत. संरक्षित स्मारक म्हणून ज्या वास्तूची नोंद आहे ती अशा अवस्थेत पाहताना वाईट वाटते.

त्यानंतरचा काळ सावंतवाडीकरांचा. आपल्या करवीर संस्थानाचा इतिहास वाचणाऱ्यांना १७६५ हे साल ठाऊक असेल, कारण त्या वर्षी मुंबईच्या इंग्रजांनी करवीरकरांचा सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. त्याच मोहिमेत सावंतांचा रेडीचा यशवंतगडही पडला. पुढच्या वर्षी दोन्ही किल्ले पैसे घेऊन परत करण्याचे ठरले. करवीरकरांच्या वाट्याला पावणेचार लाखांच्या वरची रक्कम आली आणि सावंतांच्या वाट्याला दोन लाखांची. सावंतांकडे रोकड नव्हती. तेव्हा ज्या सावकाराने ती रक्कम पुरवली त्याच्याकडे वेंगुर्ल्याचा वसूल तेरा वर्षांसाठी गहाण पडला. संपूर्ण बंदर गहाण पडल्याचे हे उदाहरण मला फार बोलके वाटते, कारण वेंगुर्ल्याच्या जकातीत किती ताकद होती हे त्यावरून कळते. मुदत संपल्यावर बंदर परत मिळण्यावरून तंटा झाला आणि १७८० मध्ये सावंतांनी ते लढून घेतले. अखेर १८१२ मध्ये इंग्रजांनी किनाऱ्यावरच्या चाचेगिरीचे कारण पुढे करून करवीरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले कायमचे काढून घेतले. एकाच वर्षी घाटावरच्या आणि घाटाखालच्या दोन्ही मराठी संस्थानांचा समुद्र सुटला. करवीरच्या इतिहासात या घटनेला आपण एक-दोन ओळींपेक्षा जास्त जागा देत नाही.

यानंतरची साठ-सत्तर वर्षे वेंगुर्ल्याच्या भरभराटीची होती. बेळगावच्या पलटणींचे सामान येथे उतरे, धारवाड-बेळगावचा कापूस येथून मुंबईला जाई, घाटावरून गूळ, तंबाखू, मिरची खाली येई आणि परतीच्या गाड्यांत मीठ, नारळ, सुकी मासळी व विलायती कापड चढे. जहाजांना खडक दिसावेत म्हणून समुद्रातल्या बेटांवर दीपगृह उभारले गेले. या भरभराटीतच १८७६ मध्ये वेंगुर्ल्याला नगरपालिका मिळाली. १८७३ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यानंतर कोकणातील रत्नागिरी, चिपळूण यांसारख्या बाजाराच्या गावांनाही याच सुमारास नगरपालिका मिळाल्या. आपल्या कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची, म्हणजे बावीस वर्षांनी थोरली, पण ती संस्थानची होती आणि वेंगुर्ल्याची ब्रिटिश मुलखातली.

नगरपालिका मिळून पुरती पंधरा वर्षेही झाली नसतील तोच तिचा पाया निसटला. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने मुरगाव बंदरापासून घाट चढून येणाऱ्या रेल्वेचा मार्ग मोकळा झाला आणि १८८०च्या दशकाच्या अखेरीस ती रेल्वे कॅसलरॉकमार्गे दक्षिण मराठा रेल्वेला मिळाली. बेळगावला त्याच सुमारास पुण्याकडूनही रूळ आले. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर फाटा सुरू झाला आणि आपल्या पेठांनीही बैलगाडी सोडून मिरजेकडे तोंड फिरवले. घाटावरच्या मालाला वेंगुर्ल्याची गरज उरली नाही. आपले बंदर आपणच सोडले, असे म्हटले तरी चालेल.

बंदर गेले, नगरपालिका मात्र टिकली. २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांत शहराची लोकसंख्या बारा हजारांच्या थोडी वर आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या पेठेएवढीही नाही. अशा गावाचा कारभार दीडशे वर्षे कसा चालला असेल, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

बिंदू चौक:

उत्तम लेख. एक भर घालतो. तेथील मंडईला अजून ‘क्रॉफर्ड मार्केट’ म्हणतात, हे पाहून मला पहिल्यांदा हसू आले होते, कारण आपल्याला ते नाव केवळ मुंबईचे वाटते. परंतु आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला महापालिका आयुक्त असला तरी त्याने कोकणातही मोठ्या पदांवर काम केले होते आणि दोन्ही बाजारांचे नाव एकाच माणसावरून आलेले आहे. सकाळी तेथे बांगडे घ्यायला उभे राहिलात तर मुंबईपेक्षा वेंगुर्ल्याचे मार्केट अधिक जिवंत वाटते, हे माझे पक्षपाती मत.

माहेर वेंगुर्ले:

रंकाळाकाठ, आपला लेख अभ्यासू आहे आणि त्यातील सनावळीबद्दल मला तक्रार नाही. मात्र ‘आपले बंदर’ हा शब्दप्रयोग वाचून मी थोडी थबकले. माझे माहेर वेंगुर्ल्याचे आणि सासर कोल्हापूरचे. लग्न होऊन वीस वर्षे झाली तरी सासरची मंडळी आजही ‘तुमच्या तिकडे मासे सोडून काय असतं?’ असे विचारतात. त्यामुळे वेंगुर्ले घाटावरच्या मालासाठी जन्मले आणि माल गेला तेव्हा संपले, हा सूर मला ओळखीचा वाटला.

बंदर म्हणजे केवळ धक्का आणि वखार नव्हे. माझ्या माहेरच्या शेजारी गाबीत मच्छीमारांची वस्ती होती. त्या घरांचा दिवस बेळगावच्या पलटणीवर कधीच ठरत नव्हता. तो वाऱ्यावर आणि भरती-ओहोटीवर ठरत असे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला वाळूवर पन्नास-साठ माणसे लागत आणि मिळालेल्या मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीने पडत, त्यात होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा आणि हात लावणाऱ्याचा वेगळा असे. रेल्वे मुरगावला गेली म्हणून त्या वाळूवरची रापण थांबली नाही. तिला पुढे अडचण आली ती यांत्रिक नौका आणि पर्ससीन जाळ्यांमुळे, आणि ती अडचण अजून संपलेली नाही.

दुसरे असे की बोट चालू असेपर्यंत गावाचे नाते घाटापेक्षा मुंबईशी घट्ट होते. पावसाळ्यात बोट बंद झाली की गावाला आपण बेटावर असल्यासारखे वाटे, असे आजी सांगत असे. नोकरीसाठी मुंबईला जायचे, गणपतीला परतायचे, निवृत्तीनंतर बंद घराचे दार उघडायचे हाच तेथील माणसाचा इतिहास आहे. बारा हजार हा आकडा आपण दिलात, तो जनगणनेच्या दिवशी घरात असलेल्या माणसांचा आहे. गणेशचतुर्थीच्या दिवसांत तो मोजला तर वेगळा येईल.

रंकाळाकाठ:

ताई, आपला आक्षेप रास्त आहे. ‘आपले’ या शब्दात मालकी डोकावते हे लिहिताना जाणवले नव्हते. व्यापारी बंदर आणि मासेमारीचे बंदर ही एकाच किनाऱ्यावरची दोन वेगळी जगे असू शकतात, हे मी लक्षात घ्यायला हवे होते. तरीही एक प्रश्न उरतो. नगरपालिका जन्माला आली ती व्यापारी बंदराच्या पोटी, कारण तिचे उत्पन्न जकात आणि बाजार यांवर उभे होते. मग व्यापार गेल्यावर तिला जगवले कोणी?

लेखापरीक्षक (निवृत्त):

मी काही वर्षे नगरपरिषदांच्या हिशेबतपासणीच्या कामात होतो. वेंगुर्ल्याची वही माझ्या हातात कधी आली नाही, पण अशा लहान नगरपरिषदांचे गणित सारखेच असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रात नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमानुसार चालतो. लोकसंख्येनुसार त्यांचे अ, ब आणि क असे वर्ग पडतात. एक लाखाच्या वर अ, चाळीस हजारांच्या वर ब आणि त्याखाली क. नवी नगरपरिषद स्थापन करायची तर किमान पंचवीस हजार लोकसंख्या लागते, आणि दहा ते पंचवीस हजारांच्या गावाला नगरपंचायत मिळते. आता गंमत पाहा. कणकवली हे बाजाराचे, महामार्गावरचे आणि लोकसंख्येने वेंगुर्ल्याहून मोठे गाव, परंतु त्याला नागरी दर्जा अलीकडे मिळाल्यामुळे तेथे नगरपंचायत आहे. कुडाळचेही तसेच. वेंगुर्ले त्यांच्याहून लहान असूनही नगरपरिषद आहे, कारण कायदा येण्यापूर्वीच तिची स्थापना झाली होती. वारशाने मिळालेला दर्जा म्हणतात तो हाच. आपल्या जिल्ह्यात याहून टोकाचे उदाहरण पन्हाळ्याचे. तेथील लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास आहे, तरीही गिरिस्थान म्हणून तेथे नगरपरिषद आहे.

उत्पन्नाबद्दल सांगायचे तर, जकात हा नगरपालिकांचा खरा कणा होता. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात रद्द झाली आणि तिच्या बदल्यात शासनाकडून सहायक अनुदान येऊ लागले. त्यामुळे पैशांची निश्चिती आली, पण आपल्या बाजारात माल वाढला म्हणून आपले उत्पन्न वाढले, हा संबंध तुटला. आता घरपट्टी, पाणीपट्टी, मंडईचे आणि गाळ्यांचे भाडे एवढेच स्वतःचे उत्पन्न राहते. घरपट्टीत बंद घरांचा मोठा अडसर असतो. माहेर वेंगुर्ले यांनी ज्या बंद दारांचा उल्लेख केला, त्या घरांचा मालक मुंबईत असतो, भावाभावांत वाटण्या झालेल्या नसतात, आणि नोटीस नेमकी कोणाला बजावायची हे वसुली कारकुनाला कळत नाही. कोकणातील कुठल्याही नगरपरिषदेच्या थकबाकीच्या यादीत सात-सात वारसांची नावे एका ओळीत दिसतात. त्याउलट खर्च कमी होत नाही, कारण दिवाबत्ती, गटारे आणि नळ हे बंद घराच्या दारावरूनही न्यावेच लागतात.

त्यामुळे व्यापार गेल्यावर नगरपालिका कोणी जगवली, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, आधी जकातीने आणि नंतर अनुदानाने. हे उत्तर रुक्ष आहे, पण वह्यांतून तेच निघते.

बिंदू चौक:

मग बारा हजारांसाठी नगराध्यक्ष, नगरसेवक, मुख्याधिकारी हा सारा डोलारा हवाच कशाला? ग्रामपंचायत पुरली नसती का? कोणाला दुखवण्यासाठी विचारत नाही, खरोखर जाणून घ्यायचे आहे.

लेखापरीक्षक (निवृत्त):

प्रश्न योग्य आहे. किनाऱ्यावरच्या गावात नागरी दर्जाला एक वेगळाच अर्थ आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली, पुढे २०११ आणि २०१९ मध्ये ती बदलली. त्या नियमांत नगरपालिकेच्या हद्दीत असलेल्या आणि आधीच दाट वस्ती झालेल्या किनाऱ्याला दुसऱ्या वर्गात टाकले आहे, तर ग्रामीण किनारा तिसऱ्या वर्गात येतो. दुसऱ्या वर्गात अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या किंवा इमारतीच्या जमिनीकडील बाजूला बांधकामाला वाव राहतो. तिसऱ्या वर्गात भरतीरेषेपासून ठरावीक अंतरापर्यंत बांधकामच वर्ज्य असते. म्हणजे एकाच वाळूच्या पट्ट्यावर हद्दीच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा नियम लागू शकतो. जुन्या घराची दुरुस्ती करायची असो किंवा चार खोल्यांचे निवासगृह बांधायचे असो, आपली भिंत नगरपरिषदेत आहे की ग्रामपंचायतीत, यावर सगळे ठरते. १८७६ च्या व्यापाऱ्यांनी आखलेली हद्द आज समुद्रकिनाऱ्यावरच्या बांधकामाचे भवितव्य ठरवते, असा या व्यवस्थेचा विचित्र योग आहे.

आजरेकर:

घाटावरून वाचावे की किनाऱ्यावरून, या वादात मला पडायचे नाही, पण घाट आणि वेंगुर्ले यांचे नाते रेल्वेने तुटले हे मात्र मला मान्य नाही. ते नाते आमच्या शिवारात उभे आहे.

वेंगुर्ल्यात १९५७ पासून फळ संशोधन केंद्र आहे. ते आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. काजूच्या ‘वेंगुर्ला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती याच केंद्राने काढल्या. वेंगुर्ला-१ सत्तरच्या दशकात आली, वेंगुर्ला-४ ही १९८१ मध्ये आणि वेंगुर्ला-७ नव्वदच्या दशकात. आमच्या आजरा आणि चंदगड तालुक्यांत डोंगरउतारावरच्या तांबड्या जमिनीत पूर्वी बियांपासून लावलेले गावठी काजू असत. एखादे झाड भरभरून देई आणि शेजारचे नुसतेच वाढे. बी कोणत्या झाडाचे, यावर काहीच भरवसा नसे. कलमे आली तेव्हा हे बदलले. कलम म्हणजे मातृवृक्षाचीच काडी असल्यामुळे फळ कसे येणार हे आधीच ठरलेले असते. वेंगुर्ला-७ चा बी मोठा असतो, त्यामुळे सोलल्यावर गरही टपोरा मिळतो, आणि बाजारात टपोऱ्या गराला वेगळा दर लागतो.

माझ्या वडिलांनी पहिली कलमे खाली जाऊन आणली होती. जीपच्या मागच्या बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळून ती घाट चढली, आणि आंबोलीच्या धुक्यात थांबून त्यांनी गोणपाटावर पुन्हा पाणी शिंपडले होते, हे मला लहानपणचे आठवते. बैलगाडीने मीठ चढले तोच हा घाट. आता आमच्याकडच्या बिया प्रक्रियेसाठी कधी स्थानिक कारखान्यांत जातात, कधी खाली उतरतात. वेंगुर्ल्यात काजू कारखाने आहेत आणि त्यांत मुख्यत्वे बायका काम करतात. टरफलातल्या तेलाने बोटे काळी पडतात, म्हणून त्या हाताला राख किंवा तेल लावून बसतात.

आंब्याचेही सांगायला हवे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आणि पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून ‘सिंधू’ या जाती याच केंद्रातून बाहेर पडल्या. सिंधूची कोय कागदासारखी पातळ असते. लोक तिला ‘बिनकोयीचा’ म्हणतात, ते तितकेसे खरे नाही, पण एकदा खाल्ल्यावर विसरता येत नाही.

माहेर वेंगुर्ले:

आजरेकर, आपण माझ्या मनातले लिहिलेत. हे संशोधन केंद्र गावाच्या ओळखीत बंदराइतकेच मोठे आहे, परंतु पर्यटकाला त्याची पाटीसुद्धा दिसत नाही.

बिंदू चौक यांच्या डोलाऱ्याच्या प्रश्नाला मी माझ्या परीने उत्तर देते. काही वर्षांपूर्वी कॅम्प भागातील आमच्या जुन्या कचरा डेपोच्या बाजूने जाताना नाकाला पदर लावावा लागे. नंतर नगरपरिषदेने घरोघरी कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात केली. ओला वेगळा, प्लास्टिक वेगळे, काच वेगळी, धातू वेगळा. ओल्या कचऱ्यापासून गॅस, पालापाचोळ्यापासून जळणाच्या कांड्या, आणि प्लास्टिकचा चुरा करून तो रस्त्याच्या डांबरात वापरणे, अशी एकेक व्यवस्था त्याच जागेवर उभी राहिली. आता त्या जागेला ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ म्हणतात आणि इतर गावांचे नगरसेवक ती पाहायला येतात. माझ्या आईला सुरुवातीला याचा फार राग आला होता. ‘एवढ्या वयात मी कचऱ्याच्या पिशव्या मोजत बसू?’ असे ती म्हणे. नंतर तीच शेजारणीला ओल्यात प्लास्टिक टाकल्याबद्दल ओरडू लागली. गाव लहान असल्याचा हा फायदा. प्रत्येक दार मुकादमाला माहीत असते, आणि कोणी चुकले तर दुसऱ्या दिवशी मंडईत विचारले जाते.

पाण्याबद्दलही थोडे. शहराला निशाण तलावाचे पाणी येते. कोकणात पाऊस ढिगाने पडतो आणि जांभ्या दगडातून तितक्याच वेगाने वाहून जातो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. समुद्रकाठच्या विहिरींना त्या दिवसांत मचूळ चव येते. नेमके याच दिवसांत चाकरमानी आणि पर्यटक दोघेही गावात असतात. बारा हजारांसाठी आखलेली नळयोजना त्या दिवसांत किती जणांना पुरवायची, हा प्रश्न नगरपरिषदेपुढे दर वर्षी उभा राहतो.

मिशन कंपाउंड:

वाचतोच आहे. कोल्हापूर-वेंगुर्ले नात्यातला एक दुवा कोणीच सांगितला नाही म्हणून लिहितो. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे काम आपल्या भागात कोल्हापुरातून सुरू झाले. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये येथे आले. पुढे त्या मिशनची ठाणी कोडोली, मिरज, सांगली, रत्नागिरी अशी पसरत गेली आणि त्यांतच वेंगुर्लेही आले. मिरजेचे वानलेस रुग्णालय सर्वांना माहीत आहे, परंतु वेंगुर्ल्याच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयाचे नाव घाटावर फारसे कोणी घेत नाही. तेथे काम करणाऱ्या डॉ. गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट गोहीन याचा जन्म १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच झाला. तो पुढे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात आला. वेंगुर्ल्यात जन्मलेला माणूस दिल्लीत परदेशाचा राजदूत म्हणून उतरतो, हे चित्र मला फार आवडते.

बिंदू चौक:

जन्माचा विषय निघालाच आहे तर मंगेश पाडगावकरांचे नाव घ्यायलाच हवे. १९२९ मध्ये त्यांचा जन्म वेंगुर्ल्याचा. आणि वि. स. खांडेकर तालुक्यातल्या शिरोड्याला १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते, तेथून ते कोल्हापुरात आले आणि कायमचे आपले झाले. शिरोड्यातच १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता. शिरोडा नगरपरिषदेच्या हद्दीत येत नाही हे मला ठाऊक आहे, लेखापरीक्षकांनी लगेच दुरुस्ती करू नये.

लेखापरीक्षक (निवृत्त):

करत नाही. मात्र दुसरी एक दुरुस्ती करतो. वर मी दर्जा ‘वारशाने’ मिळाल्याचे लिहिले, त्यावरून तो आपोआप टिकतो असा समज होऊ नये. लोकनियुक्त सभागृहाची मुदत २०२१ च्या अखेरीस संपल्यानंतर राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांप्रमाणे येथेही दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती कारभार होता. ज्या गावात मुकादमाला प्रत्येक दार माहीत असते, तेथे नगरसेवकाचे दार बंद असण्याने काय फरक पडतो, हे ताईच सांगू शकतील.

माहेर वेंगुर्ले:

फरक पडतो तो लहान गोष्टींत. दिवा बंद पडला तर पूर्वी नगरसेवकाला बाजारात गाठून सांगता येई, मग अर्ज लिहावा लागू लागला. आईने तीन अर्ज लिहिले आणि चौथ्या वेळी शेजारच्या मुलाने स्वतःच शिडी लावली.

बेटांबद्दल एक राहिलेच. किनाऱ्यावरून स्वच्छ दिवशी दिसणाऱ्या वेंगुर्ला रॉक्सवर दीपगृहाच्या खालच्या कपारींत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. त्या पक्ष्यांची घरटी लाळेपासून बनतात आणि परदेशात त्यांना मोठी किंमत येते, म्हणून एके काळी त्यांची चोरटी वाहतूक होत असे. ते खडक जहाजांसाठी धोक्याचे होते म्हणून तेथे दिवा आला, आणि तेथे माणूस फारसा पोहोचत नाही म्हणून पक्षी राहिले. रंकाळाकाठ पुढच्या वेळी आले तर बंदराच्या टेकडीवर संध्याकाळी उभे राहून त्या दिशेने पाहावे. त्यासाठी बेळगावची गरज लागत नाही.

रंकाळाकाठ:

ताई, टोला मान्य.

मूळ लेखातील मजकूर तसाच ठेवतो, कारण पुढचे प्रतिसाद त्यावर आधारलेले आहेत. शीर्षकात मात्र ‘आपले विसरलेले बंदर’ असे होते, ते बदलून सध्याचे केले आहे. आजरेकर, फेब्रुवारीत पुन्हा खाली उतरायचा विचार आहे. संशोधन केंद्रात कलमे कोणत्या महिन्यांत मिळतात आणि पावसाळ्याआधी नोंदणी करावी लागते का, तेवढे सांगावे. गगनबावड्याकडे मेहुण्यांची दीड एकर जागा पडून आहे, तिथे वेंगुर्ला-७ लावून पाहायचे आहे.

आजरेकर:

नोंदणी आधीच करून ठेवा आणि कलमे मात्र पहिला पाऊस पडून जमीन भिजल्यावरच उचला. फेब्रुवारीत गेलात तर मोहोर पाहायला मिळेल, कलम नाही. आणि गगनबावड्याला पाऊस अति असतो, तेव्हा पाणी साचणारी जागा टाळून उतारावरच खड्डे काढा.